छोट्या कपाटाच्या दाराला पात्याची बिजागरी की कप बिजागरी?

पात्याच्या बिजागरीसाठी (खिळीने जोडलेली दोन सपाट पाती असलेली नेहमीची बिजागरी) पटाशीने पात्याच्या जाडीइतकीच खाच कोरावी लागते. ती जास्त खोल गेली तर दार पूर्ण मिटत नाही, आणि नंतर ते सरकवण्याची सोय नसते. कप बिजागरीला (जिचा वाटीसारखा गोल भाग दारात बसतो) दाराच्या आतल्या बाजूने ३५ मिमी व्यासाचे, सुमारे १२ मिमी खोल भोक लागते, म्हणून १६ मिमीपेक्षा पातळ फळीत ती बसवू नये. मात्र दार लावल्यावरही स्क्रू फिरवून ते वर-खाली, डावी-उजवीकडे व आत-बाहेर हलवता येते, त्यामुळे फटी एकसारख्या करता येतात. नवशिक्याने हीच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भरीव लाकडाच्या नाजूक कपाटावर पितळी पातेच शोभते. तेथे मऊ पितळी स्क्रू तुटू नये म्हणून आधी त्याच मापाच्या पोलादी स्क्रूने आटे पाडून घ्यावेत.