पाटी की मालकी?

न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीतल्या ज्या घरात कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज शेवटची २० वर्षं राहिले, त्याला १९८१ मध्ये वारशाचा दर्जा मिळाला. त्यामुळे घर वाचलं, भाड्यावर मात्र काही बंधन आलं नाही. २०१६ मध्ये ते घर भाड्याने घेऊन वाचनं, कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थेला २०१९ च्या अखेरीस बाहेर पडावं लागलं. हे फार लागतं मनाला.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत कलाकार रिक लो आणि आणखी सहा कलाकारांनी १९९३ मध्ये मोडकळीला आलेली २२ ‘शॉटगन’ घरंच मिळवली: चिंचोळी, एकामागे एक खोल्या, पुढे ओसरी. काहींत कलाकृती मांडल्या जातात, काहींत एकट्या आया मुलांना घेऊन राहतात, शिकतात. आजूबाजूला जमिनीचे भाव चढलेच. तरी मला हाच मार्ग पटतो. इथे नुसती वारशाची पाटी नाही, सातबाराच वस्तीतल्या संस्थेच्या हातात आहे.