चाकणमधली सहा महिन्यांची इंटर्नशिप, नोकरीला लागल्यानंतर लिहिलेला अनुभव

जानेवारी ते जून २०२५ असे सहा महिने मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंटर्न होते. मेकॅनिकलचं शेवटचं सेमिस्टर होतं. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि ती माणसं अजून तिथेच कामाला आहेत. खरं तर जूनमध्येच लिहायला बसले होते, पण तेव्हा निरोप समारंभ नुकताच झाला होता आणि सगळंच छान वाटत होतं. आता दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला लागून पाच महिने झालेत. त्या सहा महिन्यांतलं रोजच्या कामात काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं रिपोर्टातच राहिलं, हे आता कुठे कळायला लागलंय.

आधी थोडं मागचं सांगते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एक ऑनलाइन इंटर्नशिप केली होती. सहा आठवडे, फी २,५०० रुपये. तीन असाइनमेंट अपलोड करायच्या की सर्टिफिकेट हातात. दुसऱ्या असाइनमेंटची फाइल अर्धीच अपलोड झाली, ड्रॉइंगची पानंच गेली नाहीत. मी घाबरून मेल केला. मेलला उत्तर आलं नाही, पण आठ दिवसांनी शेरा आला: ‘उत्कृष्ट’. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्या शेऱ्याचं जास्त वाटलं. माझं काम कोणी उघडूनही बघितलं नव्हतं. ते सर्टिफिकेट अजून फाइलला लावलेलं आहे आणि आजवर एकाही इंटरव्ह्यूत त्याबद्दल कोणी काही विचारलेलं नाही.

चाकणचे पहिले बारा दिवस मला तीच भीती वाटत होती. सेफ्टी ट्रेनिंग, गेटपास, मेल आयडी आलेला नाही, लॅपटॉप ‘उद्या मिळेल’. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून जुने एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना, वाचायचे आणि जेवणाची सुट्टी कधी होते याची वाट बघायची. इंटर्न येणार हे कंपनीला दोन महिने आधी माहीत असतं. गाइड कोण, काम कोणतं, हे त्या दोन महिन्यांत ठरवता आलं असतं. सहा महिन्यांतले दोन आठवडे असे वाया जाणं मला आजही पटत नाही.

तेराव्या दिवशी क्वालिटीच्या एका मॅडम माझ्या गाइड झाल्या. पंधरा वर्षं शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनजवळ, काढलेली बाई. त्यांनी लॅपटॉपचा विषयच काढला नाही. एक वही दिली आणि म्हणाल्या, ‘चार नंबरच्या सेलजवळ उभी राहा. फर्स्ट शिफ्ट पूर्ण. काही सुचवायचं नाही. जे दिसेल ते वेळ टाकून लिहायचं.’ सेल म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनचा छोटा गट. टोयोटाचे ताइइची ओनो इंजिनियरांना जमिनीवर खडूनं आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभं करून बघायला लावायचे, हे मी पुढे वाचलं. पहिल्या दिवशी मात्र फक्त पाय दुखले. संध्याकाळी मॅडमनी वही वाचली. सगळी पानं, उभ्या उभ्या, लाइनवरच. ‘इथे अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन थांबलं असं लिहिलंयस. का थांबलं?’ मला माहीत नव्हतं. ‘उद्या विचार.’

माझ्यासाठी इंटर्नशिप त्या संध्याकाळी सुरू झाली.

चार नंबरच्या सेलमध्ये दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशीन) होते. तिथे बनणाऱ्या एका भागाचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, २५ मिमीचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच-७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. एकवीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), केसाच्या जाडीपेक्षाही बरंच कमी. बोअर लहान राहिला तर रिवर्क, म्हणजे परत कापून दुरुस्त, करता येतो, मोठा झाला तर नग सरळ स्क्रॅपमध्ये. आणि या सेलमध्ये आठवड्याला वीस-पंचवीस नग बोअर मोठा होऊन जात होते. नोंदीत प्रत्येक वेळी कारण एकच: ‘ऑपरेटर एरर’.

तिथे एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिला आठवडा ते मला ‘मॅडम’ म्हणत होते, मी रोज शेजारी उभी असल्यावर ‘पोरी’वर आले. एकदा जेवणाची सुट्टी संपल्यावर त्यांनी पहिला नग काढला, बोअर गेज (भोक मोजायचं साधन) लावला, कंट्रोलवर ऑफसेट, म्हणजे हत्यार कुठवर कापेल ते सेटिंग, थोडा बदलला आणि मग पुढचा नग लावला. मी विचारलं, ‘मामा, हे काय केलंत?’ म्हणाले, ‘अगं, अर्धा तास बंद होतं ना, गार झालं. आता पहिले दोन-तीन नग ते वेगळं माप देणार. बघूनच पुढं जावं लागतं.’ हे कुठे लिहिलंय का, असं विचारल्यावर ते हसले. लिहिलेलं कुठेच नव्हतं. मामांच्या हातात होतं, आणि ते सुट्टीवर असले की नवीन मुलगा सेटिंग न बघता नग काढत सुटायचा.

मग पाच दिवस, दोन्ही शिफ्ट, सुट्टीच्या आधीचे पाच नग आणि नंतरचे दहा नग मी मोजत गेले. सेकंड शिफ्टला कंपनीच्या बसनं भोसरीला पोचायला रात्रीचे साडेबारा व्हायचे. पहिला तक्ता मॅडमनी परत केला, कारण प्रत्येक वेळी मोजायच्या आधी मास्टर रिंग (अचूक मापाची कडी) लावून गेज शून्य केला नव्हता. दुसरा परत आला, कारण दोन्ही मशीनची मापं एकत्र करून टाकली होती. तिसऱ्यात आकडे बरोबर होते, पण निष्कर्षात मीही लिहिलं होतं की ऑपरेटर पहिला नग तपासत नाही. त्यावर लाल पेनानं रेघ आली. ‘तो चुकू शकला, याचं कारण शोध. माणसाचं नाव हे कारण नसतं.’

शेवटी झालं ते एवढंच: सुट्टीनंतर दहा मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम, आणि पहिल्या तीन नगांची मापं लिहायला मशीनशेजारी एक छापील तक्ता. तो तक्ता मी केला, पण रकाने कसे असावेत हे मामांनी सांगितलं. माझ्या पहिल्या नमुन्यातले रकाने इतके बारीक होते की तेलकट हातानं त्यात लिहिताच आलं नसतं. मेअखेर स्क्रॅप आठवड्याला चार-पाच नगांवर आला.

आता ज्या कंपनीत आहे तिथल्या इंटरव्ह्यूतली वीसेक मिनिटं या एकाच गोष्टीवर गेली. मास्टर रिंग किती वेळा लावायचीस? दोन मशीन वेगळी का केलीस? मला उत्तरं पाठ करावी लागली नाहीत, कारण त्या प्रत्येक उत्तरामागे एक परत आलेला तक्ता होता. म्हणून कोणी ‘इंटर्नशिप कशी बघायची’ विचारलं की मी ब्रँड, ऑफिस, कॅन्टीन यांबद्दल बोलत नाही. तुमचं काम चुकलं तर ते चुकलंय हे सांगायला तिथे कोणी आहे का, आणि बरोबर आलं तर ते कोणी वापरणार आहे का, हे बघा. माझी रूममेट त्याच काळात हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत होती. स्टायपेंड माझ्या दुप्पट, एसी ऑफिस. तिला जो प्रोजेक्ट दिला होता तोच आधीच्या दोन बॅचनाही दिला होता. प्रेझेंटेशन झालं, टाळ्या झाल्या, फोल्डर बंद. मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि सहा महिन्यांनी ती खूप निराश होती.

पैशांचं स्पष्ट लिहिते, कारण गावाकडून येणाऱ्या मुलामुलींचं बरंचसं त्यावरच ठरतं. मला महिन्याला १२,००० मिळायचे. भोसरीत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्यानं) ५,५००, मेस ३,२००, बाकी फोन आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला घरी. बस आणि दुपारचं जेवण कंपनीचं होतं म्हणून निभावलं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि त्याखाली किमान स्टायपेंड ठरलेलं असतं, २०१९ च्या नियमांत पदवीधरांसाठी ते ९,००० रुपये होतं. पण कॉलेजात शिकता शिकता इंटर्न म्हणून जाणाऱ्याला तसा कोणताही किमान आकडा लागू होत नाही. माझ्या वर्गातल्या चार मुलांनी फुकट काम केलं. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठेवले होते आणि राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना १०,०००. पण तेव्हा या दोन्ही योजना पूर्णवेळ शिकत असलेल्यांसाठी नव्हत्या, म्हणून अर्ज भरायच्या आधी अटी बघून घ्या. केंद्राच्या योजनेतली एक अट मला मनापासून आवडली: निम्मा तरी काळ वर्गात न बसवता प्रत्यक्ष कामावर घालवायला हवा. ही अट प्रत्येक कॉलेजनं आपल्या करारात घालावी.

तक्रारी अजून आहेत. एप्रिलमध्ये कस्टमर ऑडिट, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी, होतं. पंधरा दिवस आम्ही तिन्ही इंटर्न फक्त मागच्या फाइली लावत होतो, सही राहिलेली पानं शोधत होतो. ऑडिट कसं चालतं ते बघायला मिळालं असतं तर काहीच म्हटलं नसतं, पण ऑडिटच्या दिवशी आम्हाला ट्रेनिंग रूममध्ये बसायला सांगितलं. एचआरनं फीडबॅक फॉर्म शेवटच्या दिवशी भरून घेतला. तो तिसऱ्या महिन्यात घेतला असता तर आमच्यातल्या एकाला डिपार्टमेंट बदलून मिळालं असतं. तो सहाही महिने स्टोअरमध्ये एक्सेल भरत राहिला. एकाच कंपनीत, एकाच बॅचमध्ये त्याला कोणी विचारलं नाही आणि मला रोज कोणीतरी वही मागत होतं. फरक फक्त गाइडचा. कंपनीचा प्रोग्रॅम चांगला आहे असं मला म्हणूनच सरसकट म्हणता येत नाही.

कॉलेजचंही तेच. आमचे सर एकदा व्हिडिओ कॉलवर आले, साप्ताहिक डायरीवर सही झाली का एवढं विचारलं. बोअर कुठला, माप काय, काही नाही. सर चाकणला एकदा जरी आले असते तर त्यांनी मशीन बघून मला चार गोष्टी जास्त विचारल्या असत्या.

नोकरीची ऑफर तिथून मिळाली नाही, जागा नव्हती. तेव्हा रडले होते. आता तसं वाटत नाही.

मुलाखतीत तुम्हालाही शेवटी ‘काही विचारायचंय का’ असं विचारतात. तेव्हा विचारा: मागच्या वर्षीच्या इंटर्ननं काय केलं, आणि ते आता कुठे वापरात आहे? समोरचा लगेच एखाद्या मशीनचं, एखाद्या फॉर्मचं नाव घेतो की ‘ते बघावं लागेल’ म्हणतो, तेवढ्यावर बरंच कळतं. आणि पहिल्या आठवड्यात गाइड मिळाला नाही तर गप्प बसू नका, मी बारा दिवस गप्प बसले.

दिवाळीत मामांना शुभेच्छा द्यायला फोन केला होता. त्यांनी व्हॉट्सॲपवर चार नंबरच्या तक्त्याचा फोटो पाठवला. कोपरे तेलानं काळे झालेले, सगळे रकाने भरलेले. उजवीकडे पेनानं ओढलेला एक रकाना जास्त होता, जो मी केला नव्हता: कापताना मशीन गार ठेवणारं कूलंट किती वाजता भरलं.