रान खंडाने द्यावं, बटईने, की तीन सालांच्या कराराने?

पाडवा जवळ आला की शहरात राहणाऱ्या जमीनमालकाला गावाकडून फोन येतो, "दादा, औंदा रान कुणाला द्यायचं?" आपण आधी आकडा विचारतो. पण दहा वर्षांनी त्या मातीत काय उरलेलं असेल, ते आकड्यावर ठरत नाही. रान किती मुदतीने दिलं आणि मातीचा खर्च कुणी उचलला, यावर ठरतं. मराठवाड्यातली कोरडवाहू सोयाबीन-तुरीची जमीन डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

रोख खंड (कुठे मक्ता, कुठे ठोका) मालकाला सगळ्यांत सुखाचा. पाऊस पडो न पडो, पैसे ठरलेले. पण एका सालापुरतं रान घेतलेला माणूस शेणखत कशाला टाकेल? शेणखताचा गुण दोन-तीन सालं मिळत राहतो. पुढच्या पाडव्याला रान दुसऱ्याकडे गेलं तर याची ट्रॉली त्याच्या पिकाला. म्हणून तो डीएपी-युरियावर भागवतो आणि सोयाबीनचं भुसकटही विकून टाकतो. यात त्याचा लोभ नाही, साधा हिशेब आहे. आमच्या रानाच्या बांधाला पडलेलं भगदाड मी सलग दोन उन्हाळे पाहिलं. मला वाटलं, बुजवणं त्याचं काम. त्याला वाटत होतं, माझं.

निम्म्या बटईत बी-खताचा खर्च आणि माल अर्धा-अर्धा, मेहनत बटईदाराची. पावसाने दगा दिला तर दोघंही बुडतात, म्हणून मालकाची गावाकडे चक्कर तरी होते. मातीसाठी खंडापेक्षा हे बरं, पण एक गोम आहे. जास्तीचा घाम गाळून पोतं वाढलं तरी त्याच्या वाट्याला अर्धंच येतं. जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण), बांधबंदिस्ती असली अंगमेहनतीची कामं मग मागे पडतात. माझ्या मते पिकाचा खर्च निम्मा-निम्मा राहू द्या, पण शेणखत, बांध, हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी असा जमिनीतच राहणारा खर्च पूर्ण मालकाने करावा. ताग साधारण 45-50 दिवसांनी, फुलोऱ्यात, गाडायचा असतो. कोरडवाहू रानात त्यापायी तेवढ्या तुकड्याचा खरीप अडतो, तेव्हा दर साली एकेक एकरच धरा आणि त्या एकराचा तोटा बटईदाराच्या गळ्यात मारू नका.

तीन ते पाच सालांचा करार मातीसाठी सगळ्यांत चांगला. फेरपालट बसते, टाकलेलं खत टाकणाऱ्यालाच फळतं. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर दुसरा रस्ताच नाही. हंगामी पिकांना पेरणीआधी किमान 2 वर्षांचा रूपांतर काळ (रासायनिक खत-औषध बंद ठेवून सेंद्रिय पद्धतीने कसण्याचा) लागतो, तो एकसाली खंडात कसा बसवणार?

मग लोक असा करार का करत नाहीत? कुळाची भीती, म्हणजे कसणारा कुळ म्हणून जमिनीवरच हक्क सांगेल ही. पश्चिम महाराष्ट्रात 1948 च्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळं जमिनीची मालक झाली. मराठवाड्याला 1950 चा हैदराबादचा कायदा वेगळा. ती धास्ती अजून घराघरांत आहे आणि ती पोकळही नाही. निती आयोगाने 2016 मध्ये मालकी शाबूत ठेवून जमीन भाड्याने देता यावी म्हणून आदर्श कायद्याचा मसुदा काढला, पण आपल्या व्यवहाराला लागू होतो तो राज्याचा कायदा. तेव्हा महसुली दावे चालवणाऱ्या वकिलाला आधी मसुदा दाखवा, मगच सही.

कसणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये मालकाच्या खात्यात जातात. पीक विमा स्वतःच्या नावावर काढायचा तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तोंडी व्यवहारात गारपिटीचा मार त्याला आणि कागद मालकाकडे. म्हणून खंड घासाघीस करून उतरवण्यापेक्षा त्याने दोन अटी मागाव्यात: कागद, आणि मुदतीआधी रान काढून घेतल्यास टाकलेल्या खताची भरपाई.

माणूस नवा असेल तर मी पहिलं साल बटईनेच देईन, जमलं तर पुढे करार. ओळखीचा, हाताखालून गेलेला असेल तर थेट तीन सालं, थोडा कमी खंड घेऊन. दोन्हींत एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असताना दोघांनी मिळून मातीचा नमुना काढायचा, सेंद्रिय कर्बाचा (मातीचा कस दाखवणारा) आकडा करारावर लिहायचा आणि रान परत घेताना पुन्हा तपासायचा. आकडा वाढला असेल तर शेवटच्या सालच्या खंडात किती सूट, तेही आधीच ठरवून.