ऑफिसातल्या फाइली: लॅनवरून की क्लाउडवरून?

आमच्या ऑफिसात चार पीसी, आणि शेजारच्या टेबलावर फाइल द्यायची तरी लोक क्लाउडवर चढवतात, म्हणजे काखेत कळसा गावाला वळसा. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) ब्रॉडबँड म्हटलं तरी सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात, कारण ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे २० जीबीचा फोल्डर चढवायलाच जवळपास अर्धा तास, मग समोरच्याने उतरवायचा ते वेगळंच. तेच लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या पीसींच्या आपसातल्या नेटवर्कवर, गिगाबिट स्विच (पीसी एकमेकांना जोडणारी पेटी, सेकंदाला १००० मेगाबिटची) आणि तो वेग पेलणारी कॅट ५ई केबल असली की विंडोजच्या शेअर्ड फोल्डरमधून तीनेक मिनिटांत काम होतं (हार्ड डिस्क जुनी असेल तर जरा जास्त). नेट गेलं तरी चालतं. बाहेरगावच्या क्लायंटला पाठवायचं तर मात्र क्लाउडच, पण प्लॅन घेताना अपलोड स्पीड आधी विचारा, जाहिरातीत डाउनलोडचाच आकडा मोठा छापतात.