सिकिरू आयिंदे बॅरिस्टर यांचे फुजी संगीत : काही महिन्यांच्या श्रवणानंतर

नायजेरियातील योरुबा समाजाच्या फुजी संगीताचे प्रवर्तक सिकिरू आयिंदे बॅरिस्टर (१९४८–२०१०) यांची ध्वनिमुद्रणे मी गेले काही महिने जवळजवळ रोज ऐकत आहे. हे संगीत कामाच्या मागे लावून ठेवण्यासारखे नाही. लक्ष देऊन ऐकले, तर मात्र ते भरभरून देते.

रमजानमध्ये पहाटे लोकांना सहरीसाठी उठवत गल्लोगल्ली फिरणाऱ्या मुलांच्या गायनातून, म्हणजे ‘वेरे’ या प्रकारातून, फुजी निघाले. बॅरिस्टर लहानपणापासून तेच गात होते. यादवी युद्धाच्या काळात ते नायजेरियाच्या लष्करात होते आणि पुढे त्यांनी ‘सुप्रीम फुजी कमांडर्स’ हा मोठा ताफा उभा केला. (विमानतळावरील जाहिरातीत जपानचा फुजी पर्वत पाहिला आणि नाव सुचले, असे ते सांगत.) सहरीला उठवणारे मालेगावात आणि मुंबईच्या मोहल्ल्यांतही असतात, नायजेरियाच्या लागोस-इबादान शहरांत मात्र त्यातून लग्नसमारंभ गाजवणारे एक संपूर्ण संगीत उभे राहिले.

योरुबांच्याच ज्यूजू या दुसऱ्या लोकप्रिय संगीतात गिटारीला जे स्थान आहे ते इथे जवळजवळ पूर्णपणे तालवाद्यांकडे आहे. कीबोर्डसारखी वाद्ये नंतरच्या काळात आली. पहिले काही आठवडे मला एकसंध गजर तेवढा ऐकू येई. चांगले हेडफोन लावून एकेका वाद्याचा माग काढू लागल्यावर थर सुटे होऊ लागले. आगोगो या लोखंडी घंटेचा ठोका काळ मोजतो, मण्यांच्या जाळीने वेढलेल्या भोपळ्याचा शेकेरे त्यावर सळसळतो, मातीच्या कड्यावर कातडे ताणलेला साकारा मधला कोरडा आवाज देतो, आणि या सगळ्यांच्या वर गांगान बोलतो. मधे बारीक असलेल्या या ढोलाच्या दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामडी वाद्या वादक काखेत दाबतो, तसा ताण बदलतो आणि स्वर चढतो-उतरतो. योरुबा बोलीत उच्च, मध्यम आणि निम्न अशा तीन स्वरांनी अर्थ ठरत असल्याने जाणकार श्रोत्याला ढोलातून चक्क वाक्ये कळतात. मला ती कळत नाहीत. पण बॅरिस्टर एखादी ओळ गाऊन थांबतात आणि पुढच्याच क्षणी गांगान तिचाच चढउतार उचलतो, ते आता न चुकता कानात येते आणि दर वेळी हसू फुटते.

सर्वाधिक वेळा ऐकले ते १९८८ चे ‘फुजी गार्बेज’. त्याची लय जरा मोकळी आहे आणि नवख्याला आत येण्यासाठी तीच सोयीची आहे. तरीही माझी निवड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मुद्रणांकडे झुकते. त्यांत एल.पी. तबकडीच्या एका बाजूवर एकच सलग रचना असते: गायन मध्येच विषय बदलते, आश्रयदात्यांची स्तुती येते, उपदेश येतो, आणि तालाचा ओघ मात्र तुटत नाही. असे मुद्रण निम्म्यात सोडल्यास हाती फारसे लागत नाही, कारण खरी चढण शेवटच्या काही मिनिटांत असते.

तक्रारीही आहेत. स्तुतीच्या नामावळ्या बाहेरच्या श्रोत्याला लांबतात, आणि त्या ओळखीच्या लोकांसाठीच होत्या हे समजूनही त्या लांबतातच. एका ऑनलाइन सेवेवर सलग बाजूचे तुकडे पाडलेले आढळले, त्यामुळे ठेका ऐन भरात असताना अर्ध्या सेकंदाची शांतता पडते. काही मुद्रणे घासलेल्या तबकड्यांवरून उतरवलेली असून त्यांत शेकेरे आणि तबकडीची खरखर वेगळी काढता येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे ढोल गडपच होतात, तेव्हा तो प्रयोग टाळावा.

सुरुवात ‘फुजी गार्बेज’पासून करावी आणि एक बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय मत बनवू नये. बॅरिस्टर पचनी पडले की त्यांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी आयिनला कॉलिंगटन यांच्याकडे वळावे. फुजीत बाता ढोल आणण्याचे श्रेय सामान्यतः त्यांना देतात, आणि तो कडकडाट बॅरिस्टरांच्या गोलाईपेक्षा बराच आक्रमक आहे. नंतरच्या पिढीतील वासिऊ आयिंदे यांचे १९८४ चे ‘तालाझो’ सध्या ऐकतो आहे. त्यातला वेग मला अजून पुरता झेपलेला नाही.