फॉग लॅम्पसाठी रिले: चार पिनांचा की पाच पिनांचा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रिले मागितला की पहिला प्रश्न येतो, चार पिन की पाच? ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. एवढा भार डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचवर टाकायचा नाही, म्हणून रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याला चालवणाऱ्या आतल्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) एका अँपिअरचा जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो, त्यामुळे स्विचकडची वायर बारीक चालते.

पिनांवर नंबर असतात. चार पिनांत ३० वर बॅटरी, ८७ वर दिवे, ८५-८६ म्हणजे कॉइल. झालं. पाच पिनांत ८७ए जादा आणि खरी गोम तिथेच आहे. रिले बंद असताना ती ३० ला जोडलेली असते, म्हणजे मोकळी सोडलेली ही पिनही जिवंत राहते, तिच्यात वीज असते. पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढणाऱ्याने तर ती झाकायलाच हवी. एक दिवा विझताच दुसरा लागावा, अशी अदलाबदल हवी असेल तरच पाच पिनांचा घ्या. (काही पाच पिनांच्या रिलेत दोन्ही ८७च असतात; अंगावर छापलेली आकृती बघूनच पैसे द्या.)

फॉग लॅम्पसाठी माझं मत चार पिनांना. सोबत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, आणि रिले बसवताना पिनांचं तोंड खाली.