सेकंड ॲडल्ट रिबेट : सवलत उत्तम, फॉर्म फसवा

घरात एकच प्रौढ राहत असेल तर काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे काउन्सिल (स्थानिक पालिका) घेते त्या घरावरच्या करात, २५ टक्के सूट मिळते, हे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. मग नोकरी गेलेला मुलगा परत घरी येतो, किंवा संसार मोडलेली बहीण राहायला येते, आणि ही सिंगल पर्सन डिस्काउंट बंद होते. तिच्या जागी जे मागता येतं त्याचं नाव सेकंड ॲडल्ट रिबेट, म्हणजे घरातल्या कमी कमाईच्या दुसऱ्या प्रौढामुळे मिळणारी सूट. काउन्सिल ते आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

आधी हे मिळतं कुठे ते पाहू. स्कॉटलंडमध्ये सर्व वयांना मिळतं. इंग्लंडमध्ये पेन्शनचं वय गाठलेल्यांसाठी प्रत्येक काउन्सिलवर ते बंधनकारक आहे. त्याहून तरुणांसाठी एप्रिल २०१३ पासून ज्या त्या काउन्सिलची स्वतःची योजना असते आणि अनेकांनी त्यातून हा भाग सरळ वगळला आहे. त्यामुळे फॉर्म उघडण्याआधी आपल्या काउन्सिलची चालू वर्षाची योजना वाचावी. वेल्समध्ये हे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सऐवजी रेट्स नावाचा वेगळा कर असतो, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

या सवलतीची खरी गंमत अशी की बिल ज्याच्या नावावर आहे त्याची कमाई किंवा शिल्लक यात बघतच नाहीत. नेहमीच्या काउन्सिल टॅक्स रिडक्शनला (कमी उत्पन्नवाल्यांना या करात मिळणारी सवलत) बचत १६,००० पौंडांपेक्षा जास्त नसावी अशी अट असते, काही काउन्सिलांची तरुणांसाठी त्याहूनही कमी. इथे ती लागू नाही. चांगली पेन्शन आणि बँकेत भरपूर पैसे असलेल्या आजीलाही ही मिळू शकते, कारण हिशेब होतो तो सोबत राहणाऱ्या नातवाच्या उत्पन्नाचा.

तो नातू कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता, म्हणजे पेन्शन क्रेडिट, इन्कम सपोर्ट, उत्पन्नावर आधारित जेएसए (बेकारी भत्ता) किंवा ईएसए (आजारपणामुळे काम न झेपणाऱ्यांचा भत्ता), किंवा कमाई शून्य असताना युनिव्हर्सल क्रेडिट घेत असेल, तर २५ टक्के. यातलं काही नसेल तर त्याचं आठवड्याचं ढोबळ उत्पन्न, म्हणजे कर कापण्याआधीचं, पाहतात. ते खालच्या मर्यादेत असेल तर १५ टक्के, वरच्या मर्यादेत असेल तर साडेसात, त्यापुढे काही नाही. या मर्यादा दर एप्रिलला बदलतात, म्हणून जुन्या पत्रकातले आकडे धरून बसू नका. २,००० पौंडांच्या बिलावर अनुक्रमे ५००, ३०० आणि १५० पौंड वाचतात. असे दोघे-तिघे प्रौढ असतील तर सगळेच वर सांगितलेल्या भत्त्यांवर असावे लागतात, तरच पूर्ण २५. नाहीतर भत्तेवाल्यांना सोडून बाकीच्यांच्या उत्पन्नाची बेरीज होते. पीआयपी, डीएलए आणि अटेंडन्स अलाउन्स हे अपंगत्वाचे भत्ते या बेरजेत धरत नाहीत. कारकून चुकून धरतात, तेव्हा निर्णयपत्रातली बेरीज स्वतः करून पाहा.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा तीन कारणांनी. पहिलं, घरात नवरा-बायको दोघंही आहेत. अशा वेळी मुलाचं उत्पन्न कितीही कमी असलं तरी सवलत नाही, कारण मुलाशिवायही तुम्ही दोन प्रौढ आहातच (जोडीदार पूर्णवेळ विद्यार्थी असेल किंवा डिमेन्शियासारख्या आजारामुळे मोजणीतून वगळला गेला असेल तर गोष्ट वेगळी). दुसरं, भाडं. तो प्रौढ तुम्हाला भाडं देत असेल तर विषय संपला. घरखर्चाला लावलेला हातभार म्हणजे भाडं नव्हे, पण फॉर्मवर ‘रेंट’ या रकान्यात आकडा लिहिलात की काउन्सिल ते भाडंच समजणार. तिसरं, घराची मालकी किंवा टेनन्सी (भाडेकरार) त्याच्याही नावावर असणं. मग बिलाची जबाबदारी दोघांची होते आणि तो ‘सेकंड’ राहत नाही.

आता फॉर्मकडे. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की ते आपल्या काउन्सिलच्या पानावर नेतं. इथपर्यंत काम चोख आहे. घोळ पुढे. बऱ्याच काउन्सिलांचा फॉर्म एकच असतो आणि सुरुवातीची कित्येक पानं अर्जदाराची पेन्शन, बचत, शेअर विचारण्यात जातात. जिथे बचत टाकताच ‘पात्र नाही’ असं उत्तर येतं, तिथे पाच हजारांत वीस जणांना तरी पुढे जायची हिंमत होत असेल का, देव जाणे. अशा वेळी बेनिफिट्स विभागाला लिहून फक्त सेकंड ॲडल्ट रिबेटचा वेगळा फॉर्म मागावा. काही ठिकाणी तो दोन पानांचा असतो. त्याला दुसऱ्या प्रौढाचं नाव, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर, पेस्लिपा किंवा भत्त्याचं पत्र, आणि त्याची सही लागते. ही आणि नेहमीची काउन्सिल टॅक्स रिडक्शन अशा दोन्ही सवलतींना पात्र असाल तर काउन्सिलने तुलना करून मोठी द्यायची असते. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. इंग्लंडमधल्या पेन्शनरांना मागचे तीन महिनेही मिळतात. निर्णय येईपर्यंत हप्ते भरत राहा, नाहीतर आधी स्मरणपत्र येईल.

मुलगा पूर्णवेळ शिकत असेल तर या वाटेने जाऊच नका. विद्यार्थी प्रौढांच्या मोजणीतच येत नाही, त्यामुळे सिंगल पर्सन डिस्काउंट कायम राहते. कॉलेजचं प्रमाणपत्र पुरे.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) ही अट असेल तर अर्ज करू नये. काउन्सिल टॅक्स रिडक्शन हा पब्लिक फंड मानला जातो, आणि ही सवलत त्याच योजनेतली आहे. सिंगल पर्सन डिस्काउंट मात्र त्यात येत नाही, ती बिनधास्त घ्या.

मुलाला नोकरी लागली की २१ दिवसांत कळवा. इंग्लंडमध्ये न कळवल्यास ७० पौंड दंड लागू शकतो, वर जास्त मिळालेली सूट बिलात परत चढते. उलट नकार चुकीचा वाटला तर आधी काउन्सिलला लेखी हरकत. त्यांनी दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर न्यायाधिकरणाकडे अपील: इंग्लंडमध्ये व्हॅल्युएशन ट्रायब्युनल, स्कॉटलंडमध्ये फर्स्ट-टियर ट्रायब्युनल. हरकतीच्या पत्रात ‘सेकंड ॲडल्ट रिबेट’ हे शब्द ठळक लिहा, नाहीतर उत्तर पुन्हा तुमच्या बचतीबद्दलच येतं.